आडवे हात

नवरा जिवंत असताना चार लोकांत दोन्ही हात आडवे करून "संपलं" म्हणून सांगणारी बाई मी उभ्या जन्मात एकच पाहिली. ती माझी सून, कुंदा.

दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली मी बसले होते. सोबत माझी जाऊ शेवंता आणि बागेतली तीन-चार माणसं. मनोहर, माझा एकुलता एक, सकाळी संत्र्यांची ट्रॉली घेऊन बागेतून निघाला होता. नाल्याच्या वळणावर ट्रॅक्टर उलटला आणि स्टिअरिंग छातीत बसलं. वरच्या मजल्यावर त्याला आत घेतलं होतं. वर एकाच माणसाला जाऊ देत होते. मी नऊ महिने पोटात वागवलेला पोरगा, पण वर गेली ती.

आणि गेली कशी? पँट घालून. निळा शर्ट, राखाडी पँट, गुडघ्यापर्यंत धूळ, कमरेला चेंडूंची पिशवी. पोरींचा सॉफ्टबॉल म्हणून एक खेळ असतो, त्यात ती पंच होती. निरोप मिळाला तशी मैदानावरून सरळ दवाखान्यात आली. शेवंता माझ्या कानात म्हणाली, "पदर तरी घ्यायचा होता एखादा." मी म्हटलं, "तिच्या अंगावर पदर असता तर आज ही वेळ आली नसती." असं बोलायचं नसतं, मला माहीत आहे. पण माझं तोंड माझ्या आधी चालतं.

लोडशेडिंगचे दिवस होते. दवाखान्याचा जनरेटर आमच्या मागेच धडधडत होता. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तासभर झाला असेल. वरच्या गॅलरीचं दार उघडलं आणि कुंदा कठड्याशी आली. मी उठून उभी राहिले. ती काहीतरी ओरडली, जनरेटरनं ते गिळलं. मी खालून हात हलवून विचारलं, काय झालं?

तिनं दोन्ही हात छातीपाशी आणले आणि झटक्यानं आडवे केले. तळवे जमिनीकडे. कणगीतलं धान्य सरलं की आपण करतो ना, तसं. काही उरलं नाही.

पुढचं मला धड आठवत नाही. लोकांनी सांगितलं ते असं की मी बसकण मारली, छाती बडवली, आणि कुंदा जिना उतरून माझ्याकडे पळत आली तेव्हा तिला हात लावू दिला नाही. मी काय बोलले ते मात्र मला आठवतं. अक्षर न् अक्षर आठवतं.

"पांढऱ्या पायाची! माह्या घराचं वाटोळं केलं! बाहेर हो. माह्या दारात पाय टाकू नको."

ती म्हणाली, "आई, मी तर..." आणि तिथंच थांबली.

तेवढ्यात नर्स खाली आली. "टेकाडेंचे नातेवाईक कोण? पेशंट शुद्धीवर आहे. रडता कशाला बाई, धोका टळला."

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? पोरगा वाचला म्हणून हसायचं की बायकोनं त्याला जिवंतपणी मारला म्हणून रडायचं? मी कुंदाकडे वळून म्हटलं, "मग असा हात काहून केला गं? कोण्या जन्माचं वैर काढलं?" तिनं उत्तर दिलं नाही. वर निघून गेली.

उत्तर न देणं ही तिची जुनी सवय. मी दहा वाक्यं बोलावी, तिनं एक नाही. भांडायलासुद्धा समोरच्यानं तोंड उघडावं लागतं. मी दुसरी शिकलेली बाई, पण संत्र्याची पारख माझ्याइतकी परतवाड्यात कोणाला नाही. फळ हातात घेतलं की सांगते: एक नंबर, दोन नंबर, नाही तर चुरी. चुरी म्हणजे पेटीत न जाणारं, बारकं फळ. बागवान चार-चार कोसांवरून मला बोलवायचे. मी चुरी म्हटलं की ते फळ बाजूला, पुन्हा विचारणं नाही. नवरा गेला तेव्हा मनोहर सहा वर्षांचा होता. पंधरा एकराची बाग मी एकटीनं अशी सांभाळली. मनोहरनं कुंदाला पसंत करून आणली, तेव्हा तिच्याकडे पाहून मी शेवंताला म्हटलं होतं, "चुरी आहे." बारकीशी, काळी, दंडावर पोरांसारखी गाठ. तिनं ते ऐकलं होतं. तेव्हाही काही बोलली नाही.

महिन्याभरानं मनोहरला सुट्टी मिळाली. मी घर सारवून, त्याची खाट खिडकीशी लावून वाट पाहत बसले. रिक्षा आलीच नाही. कुंदानं त्याला तिथूनच अमरावतीला नेलं. तिथल्या एका शाळेत तिला खेळाच्या बाईची नोकरी लागली होती. मनोहरचा फोन आला. "आई, तूच म्हणाली ना, दारात पाय टाकू नको."

"तुले नाही म्हटलं."

"मी तिच्याशिवाय कसा येऊ?"

"तिले विचार, तसा हात काहून केला होता म्हणून."

"तूच विचार," तो म्हणाला. "मले ती सांगत नाही."

मी कशाला विचारू? चूक तिची.

दोन वर्षं गेली. मनोहर महिन्यातून एकदा यायचा, सकाळी यायचा, दुपारी जायचा. माझ्याकडे कणीक मळायची परात आहे, सासूच्या वेळची, दहा माणसांची. एका माणसाची कणीक त्या परातीत सापडत नाही, कडेला चिकटून बसते. ताटलीत मळावी तर मन होत नाही. मग चार पोळ्यांची मळायची, दोन खायच्या, दोन गाईला. संत्री निवडताना मोठ्यानं बोलायची माझी सवय: एक नंबर, दोन नंबर, चुरी. कुंदा होती तेव्हा पलीकडे बसून ती पेटीवर खडूनं रेघा ओढायची. आता मी बोलायची आणि मीच रेघा ओढायची. एकदा ध्यानात आलं, दिवसभरात तेवढेच तीन शब्द तोंडातून निघाले होते. शेवंता यायची, पण तिलाही दोन सुना, नातवंडं. बसायची ती दाराकडे तोंड करून.

त्या वर्षी आमच्या गावात पोरींची जिल्ह्याची स्पर्धा ठेवली होती. शाळेच्या हेडमास्तरनं खेळाडूंसाठी माझ्याकडून चार पेट्या संत्री सांगितली. मनोहर फोनवर सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "रविवारी कुंदा येणार आहे तिथं. पंच म्हणून."

"घरी?"

"मैदानावर."

पेट्या पोचवायला माणूस होता. तरी मी म्हटलं, फळ माझं, मोजून देईन मीच. इरकल नेसले, आणि गेले.

लग्नानंतरची सहा वर्षं ती दर रविवारी मैदानावर जायची, पण मी एकदाही पाहायला गेले नव्हते. काय पाहायचं? मी पोचले तेव्हा सामना संपत आला होता. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दोन शाळांच्या पोरी, त्यांचे आईबाप, बोंबाबोंब. मधोमध टेबल टाकून बोंद्रे मास्तर वहीत खुणा करत होते. रिटायर झालेले, आमच्या यजमानांच्या ओळखीचे. त्यांनी मला शेजारी जागा दिली.

"या वहिनी. सून पाहाले आल्या?"

"संत्री द्याले आली."

"हाव का," मास्तर म्हणाले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहून हसले. मला तो माणूस कधीच आवडला नाही.

मैदानात तोंडाला लोखंडी जाळी लावून कुंदा उभी होती. उंचीवरून ओळखली. ती पुढे गेली, पोरींकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड करून वाकली आणि खिशातून एक टीचभर ब्रश काढून जमिनीतली एक पांढरी पाटी झाडू लागली.

"घरचे कोपरे कधी झाडले नाहीत," मी म्हटलं.

"तेही घरच आहे वहिनी," मास्तर म्हणाले. "त्या पाटीले होम म्हणतात. पोरगी तिथून निघते, तीन ठेसनं घेते, अन् घरी येते. घरी पोचली की एक रन. धूळ बसली की पाटी दिसत नाही, म्हणून पंचानं झाडायची. अन् झाडताना लोकांकडे पाठ करायची नाही, रीत आहे."

"अन् मधात मेली तर?"

"तर आऊट. हातात चेंडू धरून कोणी शिवलं की मेली. पंच मूठ दाखवते."

"ते माहीत आहे मले. आऊट म्हणजे बाहेर."

"बरोबर."

शेवटचा डाव होता. बरोबरी होती, निळ्या शाळेला जिंकायला एक रन पाहिजे होती. एक पोरगी तिसऱ्या ठेसनावर, नाक शेंबडं, वेण्या वर बांधलेल्या. चेंडू लांब गेला. ती पोरगी सुटली. पलीकडून चेंडू परत आला, पाटीपाशी बसलेल्या पोरीनं तो धरला, आणि इकडून ही घसरत आली. दोघी एकमेकींवर. धुरळाच धुरळा. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही.

कुंदानं मूठ वर केली.

लाल शाळेवाले नाचायला लागले. निळ्या शाळेच्या मास्तरीणबाई ओरडत आत आल्या. "मॅडम, चेंडू सुटला होता तिच्या हातातून! खाली पडला होता!"

कुंदानं जाळी वर केली. दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक पंच उभा होता, वाळका, उंच. ती एकटीच चालत त्याच्याकडे गेली. दोघं पाठमोरे उभे राहिले. तो काहीतरी बोलला, हातानं खाली दाखवलं.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"तिच्या आड पोरगी आली होती. दिसलं नसेल. त्याले विचारते, तू पाहिलं का."

"एकदा सांगतलं ना तिनं? आता काय विचारायचं?"

"पाहा तुम्ही."

ती परत पाटीपाशी आली. तिनं दोन्ही हात छातीपाशी आणले आणि झटक्यानं आडवे केले. तळवे जमिनीकडे.

माझ्या कानात तो जनरेटर सुरू झाला.

निळ्या पोरी किंचाळत धावल्या, त्या शेंबड्या पोरीला त्यांनी उचलून घेतलं. त्या हसत होत्या. मला समजेना. मी मास्तरांची बाही धरली. "ही तं संपलं म्हणते. पोरी हासून काहून राहिल्या?"

"संपलं नाही वहिनी. सेफ."

"म्हणजे?"

"सेफ म्हणजे वाचली. घरी पोचली." मास्तर वहीत खूण करत म्हणाले, "क्रिकेटवाले पाहाले आले की त्यायले हे वाईड वाटते. खुणेचं असंच आहे, माहीत नसलं तं काहीच्या काही."

मी खाली बसले.

वाचला. गॅलरीतून ती मला तेच सांगत होती. ओरडून पोचेना म्हणून तिला जे हातानं बोलता येत होतं ते बोलली. दर रविवारी शंभर लोकांना जे समजायचं ते सासूलाही समजेल असं तिला वाटलं. समजलं असतं. सहा वर्षांत एक रविवार जरी गेले असते तरी.

लाल शाळेवाल्यांनी तिला काही म्हणायचं बाकी ठेवलं नाही. "विकली गेली," "घरी पोळ्या कर," एकानं तर चपलेचा उल्लेख केला. मी मागे वळून त्याला म्हटलं, "तुह्या आईनं पोळ्या केल्या म्हणून एवढा माजला का रे?" तो बसला. कुंदानं तिकडे पाहिलंही नाही. सामना संपला, पोरी गोळा होऊन संत्री सोलू लागल्या, आणि ती मैदानाच्या टोकाला बाभळीखाली एकटी जाऊन बसली. तिचा डबा, तिची जाळी, ती.

"तिच्यासोबत कोणी जेवत नाही का?" मी विचारलं.

"पंचासोबत कोण जेवते वहिनी? हारलेला बसत नाही, जिंकलेल्यानं बसू नाही."

पेटीतलं एक संत्रं मी काढलं. हातात तोललं, एक नंबर होतं. बाभळीपर्यंत चालत गेले. ती उठून उभी राहिली. दोन वर्षांनी समोरासमोर. कानाजवळ केस पिकले होते तिचे.

"नमस्कार करते आई."

"राहू दे, हात खरकटे आहेत. हे घे."

तिनं संत्र्याकडे पाहिलं. "अजून एक सामना आहे. तो संपेपर्यंत पंचानं मैदानावर कोणाचं काही घ्यायचं नसते."

"सासूचंही?"

"संत्री सगळ्यांसाठी आली आहेत ना. मग मले वेगळं नको."

मी ते संत्रं तिच्या जाळीशेजारी जमिनीवर ठेवलं. "घेऊ नको. इथं राहू दे. जमिनीवर पडलेलं कोणाचंच नसते."

ती किंचित हसली. मला गप्प राहता येत नाही.

"त्या दिवशी सांगतलं काहून नाही?"

कोणता दिवस ते तिनं विचारलं नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "तुम्ही ऐकलं असतं?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते खोटं होतं, म्हणून दिलं नाही.

"मी जिन्यावरून पळत आले होते आई," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, तुम्ही माह्या गळ्यात पडसान."

बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या. मी पायानं एक शेंग फोडली, आतल्या बिया मोजल्या. सहा होत्या.

"आता जे केलं ते," मी म्हटलं. "मूठ दाखवली, मग हात आडवे केले. एवढ्या लोकांत. लाज नाही वाटली?"

"वाटते ना. पाय कापतात."

"मग कायले बदललं? राहू द्यायचं होतं तसंच. कोणाले समजलं असतं?"

"ती पोरगी घरी पोचली होती आई," कुंदा म्हणाली. "मी नाही म्हटलं म्हणून काय ती पोचली नव्हती?"

तेवढ्यात शिट्टी झाली. तिनं जाळी उचलली, संत्रं तिथंच ठेवलं आणि निघाली. चार पावलांवर थांबून म्हणाली, "ऊन आहे, सावलीत बसा." आणि गेली.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते, नाही तर लोकांना वाटतं की मग सगळं गोड झालं. ती माझ्या घरी राहायला परत आली नाही. दिवाळीत येते, दोन दिवस. डब्यांमधला साखरेचा डबा कुठला ते विचारून घेते, पाहुणीसारखी. आता अठरा वर्षं झाली. परात तशीच आहे.

पण त्या दिवशी मी सावलीत बसले नाही. परत पायऱ्यांवर आले. बोंद्रे मास्तर नवं पान उघडत होते. दोन्ही शाळा बदलल्या होत्या, लोक नवे येत होते, जुने बसून होते. तो चपलेवाला होता. शेवंताही आली होती, कोणाच्या तरी नातीला पाहायला. दवाखान्यात होती तीच शेवंता. बरंच झालं.

कुंदा पाटीपाशी आली. पोरींकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड केलं, वाकली, आणि ब्रशनं घर झाडू लागली. एक कोपरा, दुसरा कोपरा. एकही सोडला नाही.

मी उठले. शेवंतानं माझा पदर ओढला. "कुठं चालल्या बाई?" मी पदर सोडवून घेतला आणि सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. माझा आवाज पंधरा एकर बागेत या टोकाचा त्या टोकाला जातो.

"कुंदा!"

तिनं मान वर केली. ब्रश हातातच. पायऱ्यांवरचे सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. माझे पाय खरंच कापत होते, ती खोटं बोलली नव्हती.

"मी चार लोकांत बोलली होती, म्हणून चार लोकांत सांगते. अन् एकदाच सांगते, नीट ऐक." मी दोन्ही हात छातीपाशी आणले. पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली, पडू दिली. हात आडवे केले, तळवे जमिनीकडे, तिनं केले होते तसे.

"त्या दिवशी दवाखान्यात मी तुले आऊट देल्लं होतं. मले दिसलं नव्हतं, पोरी. माहा निर्णय चुकला. सेफ!"